जोडातलं वाक्य

४ फेब्रुवारी, मंगळवार

डॉक्टर नाही म्हणाले. मग पुन्हा एकदा नाही म्हणाले, आणि मग पत्र लिहून दिलं.

"तुमची प्रतिकारशक्ती आपण दर शनिवारी सुई टोचून मुद्दाम खाली बसवतो. साथ सुरू झालीय. आणि तुम्ही विमानात बसणार." मी म्हटलं, तिला मोकळी सोडली असती तर या संधिवातात तिनं माझी दहाही बोटं खाल्ली असती. हसले नाहीत. ताप आला तर सुई बंद आणि तडक दवाखाना, हे पत्राखाली स्वतःच्या हातानं लिहिलं, दोन रेघा मारल्या.

वाट बघायला वेळ असता तर बघितली असती. फेरतपास समितीची शेवटची तारीख २४, दुपारी बारा. सव्वीस वर्षांपूर्वी कारखान्यात बॉयलर फुटला, त्याची चौकशी झाली, साक्षींचं लघुलेखन आम्ही दोघींनी केलं — थोरल्या बाईंनी आणि मी. पाच मिनिटं त्या, पाच मिनिटं मी. दोष बॉयलरवाल्या गृहस्थांवर आला. ते गेले. त्यांची मुलगी शिक्षिका आहे. तिनं सहा महिने चौकशा करकरून मला शोधून काढलं.

छापील अहवालात पान २१२. प्रश्न: व्हॉल्व्ह तपासला होता का? उत्तर: तपासला होता. बस, पुढचा प्रश्न. त्यावरून निष्कर्ष — तपासला म्हणतो आणि फुटला, म्हणजे खोटं बोलतो. मुलगी म्हणते, बाबा मरेपर्यंत एकच सांगत होते: मी पुढे आणखी बोललो होतो. "माझं वाक्य कुठं गेलं ते विचारा कुणीतरी."

पान २१२ वर पाळी बदलली होती. बाईंकडून माझ्याकडे.

माझ्या वह्या नियमाप्रमाणे कधीच नष्ट झाल्या. बाईंनी स्वतःच्या मात्र नियम मोडून ठेवल्या आणि मुलाकडे परदेशी जाताना बरोबर नेल्या. सुनेनं फोटो पाठवून पाहिले. पेन्सिलीची बारीक रेघ कुठली आणि जाड कुठली, काही कळेना. एका जाडीनं अख्खा शब्द बदलतो! बाई मागून म्हणालेल्या ऐकू आल्या, "फोटो कसले काढताय, लग्न आहे का? तिला यायचं तर येऊ दे."

येते म्हटलं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

तपासणीच्या पट्ट्यावर थंड पिशवी उघडली. चार सुया, बर्फाच्या दोन वड्या, छोटा थर्मामीटर. नवऱ्यानं तीन दिवस हीच पिशवी फ्रीजबाहेर ठेवून दर दोन तासांनी आकडे लिहून काढले होते. तेरा तास टिकते, असा त्याचा निकाल. निरोप देताना म्हणाला, "माझ्यापेक्षा तिला जप."

अधिकाऱ्यानं पत्र वाचलं, सुया वाचल्या, मला वाचलं. मग हातमोजे बदलून पिशवी स्वतः बंद करून दिली. एवढ्यानं दिवस बरा गेला.

विमानात काही खाल्लं नाही. पाणीही दोनच घोट — मुखपट्टी काढायला नको, संडासाच्या दारात उभं राहायला नको. मागे कुणीतरी खोकत होतं. मोजायचं नाही असं ठरवलं. एक्केचाळीस वेळा.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

खोली तिसऱ्या मजल्यावर. पलंग, टेबल, एक मोठी खिडकी. खिडकीसाठीच घेतली. फ्रीज आहे, पण नावापुरता. थर्मामीटर ठेवला, तासाभरानं अकरा अंश. सुयांना आठच्या वर चालत नाही.

खाली औषधांचं दुकान. दुकानदारीण माझ्याच वयाची. पत्र दाखवलं. तिनं लशींच्या फ्रीजमधला मधला कप्पा रिकामा केला आणि चिठ्ठी चिकटवली — तिसरा मजला. नाव नको म्हणाली, नावं चुकतात, मजले चुकत नाहीत.

बाईंचं घर इथून पायी बारा मिनिटं.

८ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी सुई. मग बाई.

त्र्याऐंशीच्या झाल्यात. एका डोळ्याला दिसत नाही, दुसऱ्याला भिंग लागतं. पाठ मात्र अजून खुर्चीला टेकत नाही. मला पाहून पहिलं वाक्य: "उशीर केलास." सव्वीस वर्षं का चार मिनिटं, ते सांगितलं नाही.

सून कडक आहे आणि मला आवडली. खिडक्या सताड उघड्या, टेबलाच्या दोन टोकांना आम्ही दोघी, तोंडं झाकलेली. "मावशी, तुम्ही आजारी पडलात तर मला तुमच्या घरी फोन करावा लागेल, आणि मला ते जमत नाही." नवरा तिचा कामासाठी दुसऱ्या गावी अडकलाय.

वह्या आठ. मला सहावी हवी, चौथ्या दिवसाच्या साक्षीची. बाई म्हणाल्या, पहिलीपासून. दुसऱ्याचं लघुलेखन वाचणं म्हणजे दुसऱ्याचा चष्मा लावून चालणं, आधी डोळे बसू देत. दिवसाला एक वही. मी वाचून दाखवायचं, त्या ऐकणार, चुकले की टेबलावर भिंग आपटणार.

सतरा वेळा आपटलं.

हिशेब केला: सहावी वही तेरा तारखेला. जमतं.

१० फेब्रुवारी, सोमवार

तिसरी वही. भिंग चार वेळा.

बाईंच्या हाताला अजून तोड नाही. साहेब ओरडला की रेघ जाड होत नाही, साक्षीदार रडला की थरथरत नाही. नव्यानं लागले तेव्हा त्यांनी सांगितलं होतं — आपण माणूस लिहीत नाही, त्याचं बोलणं लिहितो. तेव्हा पटलं होतं.

पाळी बदलताना आम्ही 'जोड' घ्यायचो. जाणारी वेळेची खूण करायची, पण लगेच पेन्सिल उचलायची नाही, आणखी दहा सेकंदं लिहायची. येणारी त्या खुणेपासून सुरू करायची. तेवढं दोघींच्या वहीत. टंकताना मात्र खुणेच्या वरचं जाणारीचं, खालचं येणारीचं. दोघींच्या मध्ये काही सांडू नये म्हणून ही सगळी काळजी.

तरी सांडलं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

इथल्या शाळा बंद. औषधवालीनं दारात दोरी बांधलीय, दोरीबाहेरून बोलायचं. नवऱ्याचा फोन — विमानं कमी करतायत, बघ. मी म्हटलं, दोन वह्या राहिल्या. तो म्हणाला, "बघ म्हटलं, ये नाही म्हटलं." चांगला आहे.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

सहावी वही आज होती. दारापर्यंत गेले. सून आतूनच बोलली: पहाटेपासून ताप आहे, मावशी, आत येऊ नका. जिन्यात पाच मिनिटं उभी राहिले, मग उतरले.

काल आम्ही तिघी तीन तास एका खोलीत होतो. खिडक्या उघड्या होत्या. चहाला मात्र तोंडं उघडी होती. एक कप चहा!

डॉक्टरांना फोन. त्यांनी 'सांगितलं होतं' असं म्हटलं नाही, त्याबद्दल त्यांना आयुष्यभर मानीन. शनिवारची सुई घ्यायची नाही. दोन आठवडे. आणि दुखलं तरी वेदनाशामक गोळी नाही, आलेला ताप झाकला जातो. रोज तीनदा ताप लिहून पाठवायचा.

बोटं सुजतील हे त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. दोघांनाही माहीत होतं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

सुई घेतली नाही. ताप नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

सुनेला तोच आजार निघाला. ती तिच्या खोलीत, बाई त्यांच्या. शेजारी दाराशी डबा ठेवतात. बाईंना अजून काही नाही. "मला तो धरत नाही, मी चिवट," म्हणाल्या.

१७ फेब्रुवारी, सोमवार

माझी पहिली चाचणी: नाही. म्हणजे साथ नाही. बाकी सगळं आहे.

सकाळी उठले तर हात शेजारच्या बाईचे असावेत तसे. मूठ वळत नाही. बटणं लागत नाहीत, म्हणून डोक्यातून घालायचा सदरा. बाटलीचं झाकण दाराच्या फटीत धरून फिरवलं. दात घासायला ब्रश दोन्ही तळव्यांत धरला. हे सगळं मला येतं, मध्यंतरी विसरले होते इतकंच.

सुनेला निरोप पाठवला की सहावी वही पिशवीत घालून दाराबाहेर ठेव. थोड्या वेळानं बाईंचाच फोन.

"तू परत जा. तुझी तब्येत बघ."

"वही बघते आणि जाते."

"त्यात ते वाक्य नाहीये."

मी विचारलं, पान उघडलंत? त्या पुन्हा म्हणाल्या, जा. त्या निवृत्त होईपर्यंत तीन वर्षं त्यांच्या शेजारी बसले. पान न उघडता बाई कधी 'नाही' म्हणालेल्या मी ऐकल्या नाहीत. 'हो'सुद्धा नाही.

म्हटलं, मी आहे इथेच.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

परतीचं विमान २०ला. त्यानंतरचं कधी, कंपनीला माहीत नाही. तिकीट सोडलं. नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, सुया किती उरल्यात. तीन. कप्पा चालू आहे ना? आहे. "मग ठीक. मी मार्चपर्यंतचं जेवण शिकून घेतो."

बॉयलरवाल्यांच्या मुलीचा निरोप आलाय. घाई करू नका, तुमची प्रकृती आधी. तिच्या जागी मी असते तर असं लिहिलं नसतं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

ताप नाही. डावा अंगठा हलत नाही. बाई फोन उचलत नाहीत.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

दुसरी चाचणी: नाही.

दुपारी बाईंच्या इमारतीखालच्या अंगणात जाऊन उभी राहिले. त्यांची गॅलरी पहिल्या मजल्यावर. हाक मारली नाही, नुसती उभी. पंधरा मिनिटांनी त्या बाहेर आल्या. भिंग नव्हतं, मी कोण ते दिसलं नसणार. पण म्हणाल्या, "हट्टी आहेस. पहिल्या दिवसापासून."

मी म्हटलं, तीन दिवस उरलेत, बाई.

त्या आत गेल्या. मला वाटलं गेल्याच. मग सुनेच्या ओढणीला गाठ मारून एक कापडी पिशवी खाली सोडली. ओढणी हातभर कमी पडली. मी दोन्ही मनगटं वर करून पिशवी झेलली, बोटांत काही धरवत नाही. वरून आवाज: "पाडू नकोस. तेवढी एकच प्रत आहे."

वही पेन्सिलीची. जंतुनाशक मारलं तर अक्षरं पुसणार. खिडकीच्या कट्ट्यावर उन्हात उघडी ठेवलीय. उद्यापर्यंत हात लावायचा नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार

हातमोजे बोटांवर चढेनात. पेन्सिलीच्या मागच्या रबरानं पानं उलटली. साठ पानं, अडीच तास.

आहे!

*तपासला होता. बसत नव्हता. आदल्या रात्री साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, सकाळपर्यंत चालव.*

चार वाक्यं. एक छापलं गेलं, तीन गळाली. त्यांच्याखाली बाईंची वेळेची खूण, तिरकी रेघ आणि आकडा. म्हणजे चारही वाक्यं बाईंच्या पाळीतली. खुणेपासून पुढे मी, आणि मी तिथूनच सुरू केलंय, पुढचा प्रश्न अहवालात बरोबर आहे.

टेबलाशी बसून राहिले. रडले थोडं. कशासाठी ते तपासलं नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

बाईंना फोन केला. या वेळी उचलला. वाक्य सापडलं म्हटलं.

"माहीत आहे. खूण बघितलीस ना? माझी पाळी होती. टंकताना पान पलटलं, तेवढं राहिलं. लिही तसं."

मी म्हटलं, तुमच्याकडून राहिलं, हे कोण मानेल?

"त्र्याऐंशी वर्षांच्या बाईचं काय मानायचं नसतं? लिही. आणि माझं नाव नीट लिही, अहवालात चुकवलं होतंत."

स्वतःची कबुली म्हणून त्यांनी तीन ओळी दाराआडून सुनेला सांगून लिहून घेतल्या. सुनेनं अंथरुणातूनच फोटो पाठवला. मग मी माझं काम केलं. समितीचा नियम आहे, प्रतिलेखन लघुलेखिकेच्या स्वतःच्या हातचं हवं. सहा ओळी. पेन्सिल बोटांत राहीना, तर मोज्याच्या रबरानं मनगटाला बांधली. एरवी दीड मिनिटाचं काम, एक तास दहा मिनिटं लागली. अक्षर पहिलीतल्या पोरीचं. पण वाचता येतं, आणि खाडाखोड एकही नाही.

२४ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी नऊला नोटरी. काचेआड बसतो. पारपत्रावरची सही आणि कागदावरची सही जुळेना. त्यानं पुन्हा करायला सांगितली. पुन्हा केली, तिसरीच निघाली! डॉक्टरांचं पत्र काचेला लावलं, हात काचेला लावले. तो हातांकडे बघत राहिला. मग अंगठ्याचा ठसा मागितला. अंगठा इतका सुजलेला की ठशाला चौकट पुरेना. तोही हसला, मीही. शिक्का मारला. वही सगळी त्यानंच पान पान करून यंत्रावर उतरवून पाठवली.

समितीची पोच ११ वाजून २० मिनिटांनी. चाळीस मिनिटं हातात ठेवून. बाई तिथे असत्या तर म्हणाल्या असत्या, चाळीस कशाला वाया घालवलीस.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

मुलीचा फोन. समितीनं वाक्य दाखल करून घेतलंय, सुनावणीत वाचणार आहेत. तिनं मला वाक्य वाचून दाखवायला सांगितलं. मी आमच्या कामाच्या आवाजात वाचलं, चढउतार न करता. ती म्हणाली, "बाबा असंच सांगायचे. शब्द न् शब्द."

मग तिनं विचारलं, त्या बाईंना काही शिक्षा नाही ना होणार? मी म्हटलं, नाही. आणि मग, फोन ठेवल्यावर, मला बरं वाटेना. ताप घेतला. नव्हता.

२६ फेब्रुवारी, बुधवार

चौदा दिवस पुरे. औषधवालीनं दोरीवरून सुई दिली, टोचूनही दिली, माझे हात बघून. फरक पडायला आठवडा लागेल. सून आज उठून चालली. बाईंना काहीच झालं नाही, खरंच चिवट.

वही परत द्यायची म्हणून गुंडाळायला घेतली. शेवटचं एकदा ते पान बघू म्हणून खिडकीशी तिरकी धरली. शिसं पुसता येतं, कागदात पडलेली चर पुसता येत नाही. पहिल्या वाक्यापुढे, 'तपासला होता'च्या नंतर, तिरक्या रेघेची चर आहे, शेजारी आकड्याची. तेवढा कागद आजूबाजूपेक्षा पांढरा. खालची खूण नवी आहे, आणि तिची रेघ थरथरते. बाईंची रेघ तेव्हा थरथरत नव्हती. दिवसाला एकच वही का, ते कळलं: खूण हलवायला वेळ हवा होता.

तीन वाक्यं जोडातली. माझ्या पाळीतली.

जे या रोजनिशीतही कधी लिहिलं नाही ते आता लिहिते. त्या दुपारी माझी बोटं वळली नाहीत. निदान व्हायच्या नऊ वर्षं आधी. पेन्सिल हातात होती आणि चालत नव्हती, किती वेळ ते माहीत नाही. पुढचा प्रश्न आला तेव्हा सुटली. मी नवी होते, कायम झाले नव्हते. जोड तपासायचं काम बाईंचं होतं, आणि त्यांनी काही विचारलं नाही. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की तेवढ्यात कुणी काही बोललंच नव्हतं. इथे मी ते वाक्य शोधायला आले नव्हते. ते माझं नव्हतं, हे बघायला आले होते.

दुसरं पत्र लिहायचं आहे. चर कुठे आहे, कशी बघायची, सगळं. वही संशयात येईल, म्हणून आधी बॉयलरवाल्यांच्या मुलीला फोन. ती काय म्हणेल माहीत नाही. बाई काय म्हणतील ते माहीत आहे.

पेन्सिल मनगटाला बांधली.